मदत हवी आहे: जुन्या नेटवर्क केबल्स ओळखायच्या कशा?

नमस्कार मंडळी,

जुन्या नेटवर्क केबल्सचं एक खोकं हाती आलंय. त्यातल्याच केबलने दोन जुनी मशीनं एकमेकांना जोडायची फार इच्छा आहे. दोन्ही कार्डांना मागे गोल बीएनसी सॉकेट आहे, म्हणजे १०बेस२ इथरनेट (बारीक कोॲक्स केबलवर, म्हणजे मध्ये तार आणि भोवती जाळी असलेल्या केबलवर चालणारं जुनं नेटवर्क).

काही केबल्स बघताक्षणी कळल्या. पिवळी, बोटाएवढी जाड, वाकता वाकत नाही आणि दर अडीच मीटरवर काळा पट्टा: ही १०बेस५, म्हणजे जाड केबलचं इथरनेट; ट्रान्सीव्हर (सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या डब्या) त्या पट्ट्यांवरच बसवायचे. कार्डापासून ट्रान्सीव्हरपर्यंत जाणारी पंधरा पिनांची एयूआय केबलसुद्धा ओळखता आली. आयबीएमच्या टोकन रिंग नेटवर्कचा तो मोठा चौकोनी कनेक्टर तर चुकणं शक्यच नाही, त्यात नर-मादी प्रकारच नाही.

अडलंय बारीक काळ्या कोॲक्सपाशी. सगळ्यांना बीएनसीच, छपाई पुसलेली. मला आरजी-५८ हवी, ५० ओहमची. पण त्यात व्हिडिओची आरजी-५९ (७५ ओहम) आणि आर्कनेट या जुन्या नेटवर्कची आरजी-६२ (९३ ओहम) मिसळलेली असणार. मल्टिमीटर लावला तर सगळ्या सारख्याच दिसतात. न कापता ओळखायचा काही मार्ग? सुटे टर्मिनेटरही (लाइनच्या टोकांना लावायच्या टोप्या) आहेत, त्यांचं कसं ठरवू?

प्रतिसाद

मल्टिमीटरवर केबलचे ते ५० ओहम दिसणारच नाहीत. तो इम्पिडन्स आहे, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला होणारा केबलचा विरोध; तारेचा रेझिस्टन्स नव्हे. मधली तार किती जाड, बाहेरची जाळी तिच्यापासून किती अंतरावर आणि मध्ये इन्सुलेशन कसलं, यावर तो ठरतो. टर्मिनेटरचं मात्र सोपं आहे. आत साधा रेझिस्टर असतो, त्यामुळे पिन आणि बाहेरची कडी यांत मोजा. ५०च्या आसपास आला तोच तुमचा.

केबलला व्हर्निअर कॅलिपर लावा. आरजी-५८ बाहेरून साधारण ५ मिमी, बाकी दोन्ही ६च्या आसपास. त्या दोघींतला फरक कापल्यावर दिसतो: ६२मध्ये मधल्या तारेभोवती दोरा गुंडाळलेला आणि बाकी जागेत हवा. तुमच्या कामाला त्या नकोतच, तेव्हा कापू नका.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! कॅलिपर आहे, आजच मोजतो. दोनच मशीनं आहेत, तर टी-कनेक्टर (तीन तोंडांचा जोड) न लावता केबल थेट कार्डाला जोडली तर?

प्रतिसाद

नाही चालणार. दोन्ही कार्डांवर टी हवाच, त्याच्या मोकळ्या तोंडाला टर्मिनेटर. एक जरी राहिला तरी सिग्नल टोकावरून परत फिरतो आणि अख्खी लाइन बंद पडते. मधली केबल अर्ध्या मीटरपेक्षा आखूड नको.