रँचवर जाताना बूट आणि तंग
अमेरिकेतल्या वायोमिंगच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतावर, आठवडाभर घोड्यावरून गुरं हाकायला जायचं तर ट्रेकिंगचे बूट चालतील का, असा प्रश्न पडतो. अजिबात नकोत. खाचांचा जाड तळ रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीत) अडकतो आणि पडलात तर घोडा फरफटत नेतो. तळ गुळगुळीत आणि टाच किमान इंचभर हवी, म्हणजे पाऊल आरपार घुसत नाही. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा घोड्याच्या पोटाखालचा पट्टा, 10-15 मिनिटं चालल्यावर पुन्हा आवळा. कसताना बरेच घोडे पोट फुगवतात, मग खोगीर घसरतं. गुडघे दुखले तर रिकिबीचा पट्टा एक भोक लांब करा.

खरं कौशल्य गुरं हाकण्यात आहे. गाईच्या खांद्यामागे राहिलात की ती पुढे चालते, खांद्यापुढे आलात की थांबते किंवा वळते. मागून रेटू नका. आईपासून तुटलेलं वासरू शेवटचं दूध प्यायलं तिथेच परत धावतं, आणि मग सगळा कळप थांबवावा लागतो.