खर्ज फाटतोय तर आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मर बघा
तुमच्या नीव्ह १०७३ क्लोनचा (नीव्हच्या जुन्या माइक प्रीअँपच्या नकलेचा) खर्ज फाटतोय म्हणून लोक तुम्हाला सगळे कपॅसिटर बदलायला सांगतायत. मला ते पटत नाही. मूळ सर्किटमध्ये २एन३०५५ हा पॉवर ट्रान्झिस्टर एकटाच क्लास एमध्ये (म्हणजे सिग्नल नसतानाही सतत चालू राहून) चालतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून (इनपुटकडच्या वेटोळ्यातून) सतत डीसी वाहतो. म्हणून कोअरला (आतल्या लोखंडी गाभ्याला) एअर गॅप, म्हणजे बारीक फट, हवीच. साधा ट्रान्सफॉर्मर लावला की कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, आणि पहिला फटका खर्जालाच बसतो. मी दोन महिने हेच भोगलंय.

ट्रान्सफॉर्मर बरोबर असेल तर बायस (ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट) बघा. २४ व्होल्ट देऊन अर्धा तास तापू द्या, गार असताना ट्रिमरला (बायस बदलायच्या छोट्या स्क्रूला) हात लावू नका. मग ६०० ओहमचा लोड जोडून १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह सोडा, लेव्हल वाढवत न्या आणि ऑसिलोस्कोपवर वेव्हची वरची-खालची दोन्ही टोकं एकदमच कापली जातील तिथे ट्रिमर ठेवा. ट्रान्झिस्टरला हीटसिंक आहे ना?