विषय: बाबांचे मेडिकलचे रूममेट शोधायचेत, मदत करा

नमस्कार मंडळी,
बाबा आमचे अंबाजोगाईला असतात. औरंगाबादच्या मेडिकल कॉलेजात असताना त्यांचे एक रूममेट होते, मूळचे उदगीरकडचे, सत्तरच्या दशकात इकडं अमेरिकेत आले आणि हळूहळू पत्रं बंद झाली. आता फोन केला की बाबा आधी त्यांचंच विचारायलेत. मी एका पीपल सर्च साइटवर नाव टाकलं, बराच वेळ चक्र फिरत राहिलं आणि शेवटी रिपोर्ट बघायला पैसे मागितले. भरू का?

Re: ताई, आत्ताच भरू नका. अशा साइट घरखरेदीचे रेकॉर्ड, मतदार याद्या, फोन डिरेक्टऱ्या, कोर्टाचे कागद असं सगळं गोळा करून विकतात, म्हणून पत्ते जुने निघतात, एका नावाची दोन-दोन माणसं एकात मिसळलेली असतात, आणि स्वस्तातली ट्रायल घेतली तर रद्द करेपर्यंत दर महिन्याला कार्डावरून पैसे जात राहतात.

तुमचं काम त्यापेक्षा सोपंय कारण ते डॉक्टर आहेत. ज्या राज्यात असतील असं वाटतं तिथल्या मेडिकल बोर्डाच्या साइटवर लायसन्स फुकट शोधता येतं, बऱ्याच ठिकाणी कॉलेज आणि पास झाल्याचं सालही दिसतं, बाबांना साल पक्कं माहीत असणारच. विद्यापीठाचं नाव मात्र नुसतं मराठवाडा विद्यापीठ असं बघा, नामविस्तार १९९४ चा. एनपीआय रजिस्ट्रीपण (इथल्या डॉक्टरांच्या ओळख नंबरांची सरकारी यादी) फुकट आहे, पण ते नंबर २००७ पासून सक्तीचे झाले, त्याआधीच प्रॅक्टिस सोडली असेल तर तिथं नाव मिळायचं नाही.

नाव उलटंसुलटं करून बघा, आपल्याकडं सर्टिफिकेटवर आडनाव आधी. वाघमारेसारखं आडनाव डब्ल्यूनं लिहितात तसं व्हीनंही. आणि वय जुळत नाही म्हणून कुणाला सोडू नका. आपल्या भागात गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून टाकलेली, साल पण अंदाजानंच, तेच पुढं पासपोर्टवर आलं.

सापडले तर थेट फोन करू नका असं मला मनापासून वाटतं. इथं म्हातारी माणसं फसवणुकीच्या फोननी इतकी घाबरलेली आहेत की अनोळखी नंबर उचलतच नाहीत. बाबांच्या हातानं मराठीत पत्र लिहून घ्या, होस्टेलचा एखादा फोटो असेल तर त्याची कॉपी घाला, खाली तुमचा नंबर द्या. त्यांचा नंबर त्यांनी हो म्हटल्यावरच बाबांना द्या, इतकी वर्षं का लिहिलं नाही ते आपल्याला काय माहीत.

Re: Re: काका बरोबर बोलले. एक वाईट पण गरजेचं, आधी श्रद्धांजलीच्या साइटवर नाव बघून घ्या, बाबांना आशा लावण्याआधी.
माझं उलटंय, मला इथून तिकडची मैत्रीण शोधायचीय, किल्लारीजवळची. १९९३ च्या भूकंपानंतर गाव नव्या जागी गेलं, तिचं लग्न झालं, आडनाव बदललं, मधलं नावपण बदललं, आता कुठल्या साइटवर काय टाकू? माहेरचं नाव टाकून काहीच निघत नाही.

Re: Re: Re: तिच्या भावाचं नाव टाका, पुरुषांची नावं बदलत नाहीत. नाहीतर शाळेच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच, एक जण सापडला की बाकीचे सापडतात. जाहीर पोस्टमध्ये तिचं पूर्ण नाव आणि सासरचं गाव टाकू नका तेवढं, तिला घरात त्रास नको.

Re: Re: Re: Re: सगळ्यांचे खूप आभार. एका राज्याच्या बोर्डावर एक नाव मिळालंय, कॉलेज तेच, साल पण जुळतंय, श्रद्धांजलीत कुठं नाव नाही. बाबांना सांगितलं तर रात्रीच लिहायला बसले म्हणे. अंबाजोगाई, लातूर, परळीकडून पुढच्या महिन्यात कुणी परत येणारंय का? पत्र आणायचंय, पोस्टानं मागवायला धीर होत नाही. भाऊ लातूरपर्यंत आणून देईल.