बायबलच्या व्हिडिओ गेम्समधून मुलं धर्म शिकली का?

मूळ धागा
१९९१ साली अमेरिकेतल्या 'विज्डम ट्री' कंपनीने निन्टेन्डोच्या घरगुती मशीनसाठी 'बायबल अ‍ॅडव्हेंचर्स' काढला. एका कार्ट्रिजमध्ये तीन खेळ: नोहाचं तारू, बाळ मोशे, दावीद आणि गल्याथ. माझ्या मते यातून धर्मशिक्षण झालंच नाही. मोशेच्या खेळात आपण त्याची बहीण असतो. बाळ डोक्यावर घेऊन पळायचं, आणि वाटेल तेव्हा ते फेकून देता येतं. बाळाला काही म्हणजे काही होत नाही! मूळ कथेत राजाने मुलगे मारायचा हुकूम दिलेला असतो, म्हणून आई बाळाच्या जिवाच्या भीतीने तीन महिने त्याला लपवून ठेवते. ती भीती इथे कुठे आहे? वाटेत बायबलमधल्या वचनांच्या पाट्या मिळतात, उचलल्या की हेल्थ (खेळातली ताकद) वाढते. मुलं हेल्थ उचलतात, वचन कोण वाचतंय? खेळात हात जे करतो तेच मनात राहतं.

प्रतिसाद १
असहमत. तुमचीच कसोटी नोहाच्या खेळाला लावा. प्राणी जोडीजोडीने शोधायचे, डोक्यावर एकावर एक रचायचे, तारवात नेऊन सोडायचे. महापुरातून प्राणी वाचवायचे, हात इथे नेमकी नोहाचीच गोष्ट करतोय.

प्रतिसाद २
कंपनी मुळात कुठून आली तेही बघा. 'कलर ड्रीम्स' ही मूळ कंपनी निन्टेन्डोच्या परवान्याशिवाय, मशीनमधल्या कुलूप-चिपला (विनापरवाना गेम अडवणाऱ्या चिपला) चकवून गेम विकायची. असे गेम ठेवू नयेत म्हणून निन्टेन्डोचा दुकानदारांवर दबाव असे. ख्रिस्ती पुस्तकांची दुकानं निन्टेन्डोचा माल विकतच नव्हती, त्यामुळे तिथे तो दबाव चालेना. म्हणून बायबलचे गेम, आणि त्यासाठी 'विज्डम ट्री' हे नाव. 'कलर ड्रीम्स'च्याच 'मेनेस बीच'मध्ये स्केटबोर्डवरचा मुलगा मैत्रिणीला सोडवायला निघतो. १९९५ साली थोडे फेरफार करून तोच गेम 'संडे फनडे' झाला, मुलगा संडे स्कूलला (चर्चच्या रविवारच्या धर्मवर्गाला) निघाला. याला शिक्षण म्हणायचं?

प्रतिसाद १
धंदा होता, मान्य. पण सगळेच गेम असे वरवर रंगवलेले नव्हते. १९९४चा 'सुपर थ्रीडी नोहाज आर्क' हा 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' या गेमच्या इंजिनवर, म्हणजे त्याच्या तयार सॉफ्टवेअर सांगाड्यावर बनवलेला. मूळ गेममध्ये बंदुकीने सैनिक मारायचे, इथे गलोलीने खाऊ मारून बिथरलेल्या प्राण्यांना झोपवायचं. हाताचं काम पार बदललं की नाही?

मूळ धागाकर्ता
नोहाचे दोन्ही गेम तुमचे, घ्या. पण १९९२चा 'स्पिरिच्युअल वॉरफेअर' बघा. रस्त्यातल्या अश्रद्ध माणसांवर फळं फेकून मारायची, लागलं की ती गुडघे टेकून प्रार्थना करतात. शेजाऱ्यावर प्रेम कर असं सांगणाऱ्या ग्रंथाच्या नावाने मुलाचा हात हे शिकत होता. माझा खरा राग या गेमवर आहे.