तिसरीच्या प्रगतिपुस्तकात गणिताला ब-2, म्हणजे नक्की काय समजायचं?

सातारकरीण:
नमस्कार मंडळी. लेक तिसरीत आहे, मराठी माध्यम. पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक मिळालं, सगळीकडे अ-1 नाहीतर अ-2 आणि गणिताला एकदम ब-2. सुधारणा आवश्यकच्या रकान्यात लिहिलंय 'शाब्दिक उदाहरणांत गोंधळते'. पालकसभेत विचारलं तर बाई म्हणाल्या छान आहे हो, काळजी नको, आणि माझ्या मागे ही रांग. आमच्या वेळी गुण असायचे, नंबर असायचा, घरी गेल्यावर काय होणार ते वाटेतच कळायचं 😀 सासूबाई म्हणतायत क्लास लावा. लावू का?

खडूफळा:
ताई, मी शिक्षक आहे. ब-2 म्हणजे 61 ते 70. पण ती दोन गोष्टींची बेरीज असते. 2010 ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून तिसरी-चौथीला आकारिक 60 आणि संकलित 40. आकारिक म्हणजे सत्रभर वर्गात चालतं ते, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी 10 तोंडी आणि 30 लेखी. आता समजा एकीला 54 आणि 14 मिळाले, झाले 68. दुसरीला 36 आणि 32, तेही 68 च. दोघी ब-2, पण दुखणं पार वेगळं. म्हणून बाईंना फोड विचारा आणि लेखी पेपर बघायला मागा. सभेच्या दिवशी नको, एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीत जा.

खानदेशी_बाप:
नोंदींवर फार जाऊ नका हो. माझ्या दोन्ही पोरांच्या पुस्तकात शब्दन् शब्द सारखं, 'वर्गात नेहमी हसतमुख असतो'. धाकटा रोज गेटपाशी रडतो! नोंदींच्या तयार पीडीएफ फिरतात व्हॉट्सॲपवर, त्यातून उतरवतात.

खडूफळा:
फिरतात, नाही कशाला म्हणू. चाळीस पोरं, प्रत्येकाच्या विषयवार नोंदी आणि वर ऑनलाइन माहिती भरायचीच. पण 'शाब्दिक उदाहरणांत गोंधळते' हे पोरीकडे बघून लिहिलेलं वाटतंय.

पाचवीवाली_आई:
आत्ताच लक्ष घाला. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत पास व्हावंच लागतं, नाहीतर फेरपरीक्षा, त्यातही गेलं तर पुन्हा त्याच वर्गात. आमच्याकडे चौथीपर्यंत सगळं छान छान, आणि पाचवीत घरात रोज महाभारत.

सातारकरीण:
जाऊन आले. आकारिक 51, संकलित 16! बाईंनी पेपर लगेच काढून दिला, सभेपेक्षा निवांत बोलल्या पण. आडव्या-उभ्या मांडणीच्या बेरजा-वजाबाक्या सगळ्या बरोबर. आणि '245 आंब्यांपैकी 118 विकले, किती उरले' याचं उत्तर 363. बेरीज अचूक केलीय बाईसाहेबांनी, आंबे विकून वाढले 🤦 दोन आकडे दिसले की मिळवायचे, मधलं वाचायचंच नाही. क्लास तूर्तास नाही. रात्री दोन गणितं मोठ्यानं वाचायला लावते आणि काय झालं ते सांग म्हणते, सोडवायला लावतच नाही.

खडूफळा:
बेस्ट. जमलं की तिलाच गणितं बनवायला सांगा, तुम्ही सोडवा. मुद्दाम एखादं चुका, बघा कशी पकडते.