अनुभव धागा: मूल ॲडमिट असताना त्याचं दुखणं आणि भीती कशी कमी केलीत?

सायली_मा
शेजारच्या काकूंचा नातू डेंग्यूने ॲडमिट आहे. काल डबा द्यायला गेले होते. प्लेटलेट्ससाठी रोज रक्त काढतात, त्यामुळे ट्रे दिसला की पोरगं पलंगाखाली. आजोबा म्हणत होते, "काही दुखत नाही रे, मुंगी चावल्यासारखं." ते ऐकून माझ्या लेकाचा न्यूमोनिया आठवला. तेव्हा एक वयस्कर सिस्टर होत्या. ट्रेवर टॉवेल टाकून यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि त्यालाच सांगायच्या, "दुखणार आहे, पण थोडा वेळ. ओरडायचं तर ओरड, फक्त हात हलवू नकोस. कुठला हात देतोस?" त्याला आडवं दाबून धरू दिलं नाही. माझ्या मांडीवर, माझ्या पोटाला पोट लावून बसवलं आणि हात माझ्या काखेखालून मागे घेतला. सलाईनच्या पुठ्ठ्यावरच्या चिकटपट्टीवर पेनाने मांजर काढलं. मग प्रत्येक पाळीच्या सिस्टरकडे तो मिशा वाढवून मागायचा!
मुलांशी खरं बोलावं, असं मला तेव्हापासून ठाम वाटतं. तुमचे अनुभव लिहा, आत्ता कुणीतरी वॉर्डात बसून वाचत असेल.

गौरी७
+१. आणि ते "गप्प बस नाहीतर डॉक्टर सुई देतील" कृपा करून बंद करा सगळ्यांनी. घरी ऐकलेलं पोरं तिथे खरं मानतात.

रत्नांग्रीकर
टॉन्सिल्सचं ऑपरेशन. रात्रीपासून पाणीसुद्धा नाही असं वॉर्डात सांगितलं होतं. पोरगी तहानेने रडून रडून दमली. सकाळी भूलतज्ज्ञ आले, म्हणाले जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, द्या घोटभर. म्हणून सांगतो, हे भूलतज्ज्ञांनाच विचारा, आणि आदल्या दिवशीच. आत नेण्याआधी गुंगीचं सिरप पाजलं, माझ्या खांद्यावरच पेंगली. दारात ओढाताण झाली नाही.

बालवैद्य_नगर
ओपीडी चालू आहे, थोडक्यात लिहितो. सुई टोचण्याआधी लावायचं बधिर करणारं मलम मिळतं, लिडोकेन-प्रिलोकेनचं. तासभर आधी लावून वरून पारदर्शक पट्टीने झाकावं लागतं, ऐनवेळी लावून उपयोग नाही. तातडी नसेल तर जरूर विचारा, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच लावा. तान्ह्या बाळाला टोचताना अंगावर पाजत राहणं हा उत्तम उपाय. लसीकरणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये हेच सुचवलंय. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांना आपल्यासारखं दुखत नाही असं मानून त्यांची ऑपरेशन्स अगदी कमी भूल देऊन व्हायची. ते चित्र बदलण्यात कंवलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. बाकी रात्री लिहितो.

सायली_मा
डॉक्टर, बापरे. वाचून पोटात कालवलं.

निशिगंधा
आमची लेक रक्ताच्या कॅन्सरसाठी मुंबईला परळच्या हॉस्पिटलात होती. आता बरी आहे, कॉलेजात आहे, हे आधीच सांगते. तिथे सहा चेहऱ्यांचा तक्ता असायचा, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. किती दुखतंय ते बोटाने दाखवायचं. एकदा ती भिंतीकडे तोंड करून गप्प पडली होती. मला वाटलं, झोपली. सिस्टरनी तक्ता धरला तर बोट थेट शेवटच्या चेहऱ्यावर! दुखलं म्हणजे पोर रडेलच असं नाही हो. कधीकधी हलायचीही ताकद नसते, खेळणं समोर असून हात लावत नाहीत. मॉर्फिन म्हटल्यावर नातेवाईक फोनवर घाबरवायला लागले, सवय लागेल म्हणून. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, दुखण्यावर मोजून दिलेल्या औषधाने व्यसन लागत नाही, कमी करतानाही हळूहळू करतात. त्या संध्याकाळी तिने मऊ भात मागितला. पाठीच्या मणक्यातली सुई गुंगी देऊनच करायचे, तरी उठल्यावर मी दिसायलाच हवे असा तिचा नियम.

गौरी७
निशिगंधाताई, तुम्हाला आणि लेकीला खूप प्रेम. 🌼

वऱ्हाडी_बाप
ताई, आमच्या भाच्याले पण परळले न्या लागते पुढच्या आठवड्यात. राह्याची सोय कुठं होते?

निशिगंधा
दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दोन्हीकडे आधी चौकशी करा. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा, राहायला चिठ्ठी लागत असेल तर तेच सांगतील. पोराची स्वतःची चादर आणि उशी न्या. घरचा वास लागतो त्यांना.

वऱ्हाडी_बाप
लय उपकार झाले ताई.

न्यूजर्सीची_सुमा
इथे मुलांच्या हॉस्पिटलांत चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणून वेगळी माणसंच असतात. आधी बाहुलीला सलाईन लावायला देतात, मास्क हुंगायला देतात, मग खरं. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांनी जुन्या लुगड्याची चिंधीची बाहुलीच शिवून पाठवली, हाताला पट्टीसकट! नातवाने आधी तिचं पोट तपासलं, मग डॉक्टरांना म्हणाला, आता तुमचं दाखवा.

गौरी७
😂😂 सुमा, बाहुलीचं बेतणं टाक ना इथे! आत काय भरलंय, कापूस का?

न्यूजर्सीची_सुमा
चिंध्याच. धुता येते म्हणून. त्यांना विचारून फोटो टाकते.

रत्नांग्रीकर
लहानांना साबणाचे फुगे फुंकायला द्या, लांब श्वास आपोआप सुटतो. आमच्या वॉर्डातल्या मावशींची युक्ती.

सायली_मा
काकूंना वाचून दाखवलं. उद्या सकाळी फुगे घेऊन जातेय, आणि मलमाचं त्या राउंडला विचारणार आहेत.