मदत हवी आहे : जास्त प्रोटीन आणि उंदरांच्या धमन्या

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला २०२० चा उंदरांवरचा अभ्यास वाचतेय. चरबीयुक्त आहारात प्रोटीन वाढवल्यावर उंदरांचं वजन वाढलं नाही, पण धमन्यांतले चरबीचे थर साधारण ३० टक्क्यांनी जास्त दिसले. ल्युसिनसारख्या अमिनो आम्लांमुळे मॅक्रोफेज पेशींतलं (कचरा गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) एमटॉर, म्हणजे पेशीला वाढीचा इशारा देणारं प्रथिन, जागं होतं, आतली सफाई मंदावते, पेशी तिथेच मरतात, इथवर कळलं.

अडलंय पुढे. साध्या उंदराला असे थर सहसा होतच नाहीत, म्हणून जनुक बदललेले उंदीर घेतात, वर चरबीचा मारा! मग यातलं माणसाला कितपत लागू धरायचं? डुकरांवर किंवा माकडांवर असं कुणी तपासलंय का? धाकटा भाऊ व्हे प्रोटीनचे डबेच्या डबे संपवतोय, म्हणून विचारतेय. फार्माकॉलॉजीवाले कुणी असाल तर प्लीज सांगा.